हौसाक्काच्या भाताचा नमुना

परतल्यापासून जो तो एकच विचारतो, "तांबडा-पांढरा रस्सा खाल्ला का?" नाही खाल्ला. कोल्हापूर जिल्ह्यात चार दिवस राहून आले आणि तांबडा-पांढरा तोंडाला लागला नाही, हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे ज्या दयेने बघतात ती आता मला सहन होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं आणि मला पुन्हा रश्श्याचं विचारू नये.

मी नाशिकची. आमच्याकडे द्राक्षबागेत खेळणारं पोरसुद्धा 'रेसिड्यू' हा शब्द आईच्या दुधाबरोबर शिकतं. फवारलेल्या औषधाचा जो अंश पिकात मागे उरतो, तो रेसिड्यू. तो किती उरला हे तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी काम करते. माझं काम नमुने गोळा करायचं. बागेत जायचं, घड तोडायचे, पिशवीत भरून सील करायचं, बागायतदाराची सही घ्यायची आणि कुणाच्या घरचा चहा न घेता निघायचं. चहा घेतला की माणूस ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाच्या पिशवीला सील लावताना हात जरा सैल पडतो. वीस वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता. ऑफिसात मला मागून 'मिरची' म्हणतात तेही मला माहीत आहे.

यंदा भाताच्या कापणीच्या वेळेस धान्याचं बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा निघाला. त्यामुळे कोल्हापूरचं काम माझ्या गळ्यात पडलं. साताऱ्याच्या खाली मी कधी गेले नव्हते. कुरकुर करतच बॅग भरली.

कोल्हापूर

गाडीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाठ दुखली, एवढंच.

आम्हाला बोलावलं होतं लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने. जैन कुटुंब, तीन पिढ्यांचं दुकान. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी दुपारी उतरून दुकानात गेले तर त्यांनी कागदपत्रांचं नाव न काढता मला थेट घरी नेलं आणि पावणेसहाला पाटावर बसवलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. आमच्याकडे रात्री साडेनऊच्या आधी कुकरची शिट्टी होत नाही. भूक नाही म्हणायची सोय नव्हती, कारण अण्णांच्या सूनबाई विचारत नव्हत्या, नुसत्या वाढत होत्या. वरण्याची, म्हणजे इकडच्या वालाची उसळ, ज्वारीची भाकरी, वर दह्याची वाटी. पहिल्या घासाला भूक लागली आणि चौथ्या भाकरीला मी स्वतःलाच आवरलं.

जेवण झाल्यावर अण्णांनी विषय काढला. "गगनबावड्याकडं एक बाई हाय, हौसाक्का. जिरगा भात पिकवती. बारका गोल दाणा, आनि वास असा की शिजताना शेजारी येऊन विचारतंय काय केलंय म्हणून. दोन वर्षं तिनं शेतात औषधाचा थेंब मारल्याला न्हाय."

"मग विका की तसं सांगून," मी म्हटलं.

"तोंडानं सांगून गिऱ्हाइक ऐकतंय व्हय? कागद पायजे. तुमचा कागद चांगला आला की मी दुकानात लावतो आनि तिचा सगळा माल घेतो."

"आणि नाही आला तर?"

अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली. "तर तिचा मालक पुढच्या साली फवारायचा पंप पाठीवर घेतोय. दोन सालांची मुदत दिल्याली त्यानं बायकोला. ह्ये दुसरं साल."

मी मनात म्हटलं, आपल्याला काय. आपण पिशवी भरणार, निकाल मशीन देणार.

गगनबावड्याच्या अलीकडे

सकाळी बस गगनबावड्याकडे निघाली तेव्हा खालच्या खोऱ्यात धुकं साचलं होतं आणि वर उसाचे तुरे तेवढे दिसत होते. जसजसा घाट जवळ येतो तसा ऊस मागे पडतो आणि उतारावर पायऱ्या पायऱ्यांची भातशेतं लागतात. सगळी पिवळी झालेली, काही कापलेली, काही वाट बघत उभी. आमच्या द्राक्षबागा तारांखाली, पानांखाली लपलेल्या असतात. इथे सगळं पीक उघड्यावर, रस्त्यावरून जाणाऱ्याने बघावं असं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत राहिले आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली.

हौसाक्का फाट्यावरच उभी होती. पन्नाशीची, उंच, काटक बाई. आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावरच्या कुणाला तरी हाक मारतेय असं वाटावं. "या की पावणं. सकाळधरनं मी हितंच उभा हाय."

मी दचकलेच. मग कळलं, इकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. दुसऱ्या दिवसापर्यंत मीही एकदा 'मी जेवलो' म्हणून मोकळी झाले होते.

घरी पोचल्यावर मी माझा नियम सांगितला. कामाआधी चहा घेत नाही.

"नगा घिऊ की. चहा कुणाला पायजे," हौसाक्का म्हणाली आणि पितळी तांब्याभर म्हशीचं दूध पुढे केलं. दूध म्हणजे काही चहा नव्हे, असं तिचं म्हणणं. वीस वर्षांचा नियम मी तिथे साईसकट पिऊन टाकला.

सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, खुंटीला फवारायचा पंप टांगलेला होता. स्वच्छ धुतलेला, पट्टा गुंडाळून ठेवलेला. त्याच्या खाली हौसाक्काचे मालक बसले होते, मितभाषी गृहस्थ. मी पंपाकडे बघतेय हे बघून म्हणाले, "धुऊन ठेवलाय. लागला तर असावा." हौसाक्काने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अंगणात ताडपत्रीवर भाताची रास होती. अंगण शेणाने सारवलेलं, राशीला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मी काही भातातली जाणकार नाही, पण रास देखणी होती एवढं कुणीही सांगितलं असतं. दाणा न् दाणा सोन्यासारखा, कुठे डाग नाही, पोचट नाही. गावातल्या आठ बायका कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. हौसाक्काचं पास झालं तर पुढच्या वर्षी त्याही फवारा बंद करणार, असं ठरलेलं. मी हातमोजे चढवले, डोक्याला टोपी घातली, राशीत दहा ठिकाणी हात घालून भात काढलं, स्वच्छ कापडावर एकत्र केलं, चार भाग करून दोन भाग पिशवीत भरले. सील लावलं. हौसाक्काने सही केली. आठही बायका गप्प. एरवी या बायका गप्प बसत नाहीत हे मला अजून माहीत नव्हतं, म्हणून मला वाटलं, माझ्या टोपीचा दरारा.

बांधावर

प्रत्यक्ष शेत बघून त्याची नोंद करायची असते, म्हणून मी दुसरा दिवसही राहिले. हौसाक्काचं निम्मं भात अजून उभं होतं. सकाळी दव ओसरल्यावर आम्ही शेतावर गेलो. आठजणी इळे घेऊन आधीच हजर. इथे कापणीला मजूर लावत नाहीत. आज सगळ्या हिच्या शेतात, उद्या ही त्यांच्या शेतात. आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीला टोळी येते आणि बागायतदार बांधावर खुर्ची टाकून बसतो. मी खुर्ची शोधत होते तर माझ्या हातात इळा आला.

"बघत बसून काय व्हतंय? कापा की."

कापलं. म्हणजे पाचसहा मुठी कापल्या, आणि माझी मूठ इतकी वाकडीतिकडी यायची की शेजारची बाई प्रत्येक मूठ हसत हसत पुन्हा सारखी करायची. मग वरच्या वाफ्याकडे जाताना बांधावरून माझा पाय सटकला आणि मी खालच्या ओल्या खाचरात बसकण मारली, कमरेपर्यंत चिखल. हातातली नोंदवही मात्र मी वर धरून ठेवली होती. आठजणींना हसायला तेवढं पुरलं. त्यातल्या एकीने मला उठवलं, दुसरीने ओढ्यावर नेऊन लुगड्याच्या पदराने माझं तोंड पुसलं, आणि मला, खरं सांगते, इतकं मोकळं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. ऑफिसातल्या कुणी मला तसं बघितलं असतं तर मी दोन दिवस रजा टाकली असती.

ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली खेकडे दिसत होते. हौसाक्काने हात घालून एक उचलून दाखवला. "ह्ये बघा. फवारायचो तवा ह्यातलं एकबी ऱ्हायलं नव्हतं. माझी लेक बाळंतपणाला आली, म्हणाली, आई, खेकड्याचा रस्सा खाऊ वाटतोय. ह्या ओढ्याला खेकडं असायचं गं, म्हणाली. मी दिसभर दगड उलथत फिरलो, एक घावला न्हाय. त्याच दिवशी मालकाला सांगितलं, पंप बंद."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"दोन सालं, म्हणालं. मी म्हटलं, दोन तर दोन."

दुपारी बांधावर जेवणाची गाठोडी सोडली. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, नव्या तांदळाचा जरा गिचका भात आणि त्यावर खेकड्याचा काळपट रस्सा. आता कळलं ना, मला तांबडा-पांढरा का आठवला नाही ते? खेकड्याची नांगी फोडायला मला येत नव्हती, तर हौसाक्का स्वतःच्या दाढेखाली फोडून माझ्या ताटात टाकत होती आणि मी निमूट खात होते.

तेवढ्यात वरच्या बांधावरून हाक आली. हौसाक्काचा धाकटा दीर शामराव, वरची सगळी शेतं त्याची. दोघा भावांची वाटणी कधीच झालेली, बांध एकच. आडदांड, मिशीवाला माणूस. तो थेट खाली उतरला आणि म्हणाला, "वैनी, माझी पोती कवा सोडताय? उद्या गिरणीत नंबर हाय माझा."

आठजणींनी आठ दिशांना बघितलं. हौसाक्काच्या हातातली नांगी हातातच राहिली.

"कसली पोती?" मी विचारलं.

"भाताची. पाच पोती न्हेल्यात की काल, अंगणात वतायला. तुम्ही येणार म्हणून."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कालची ती देखणी रास, जिच्या नमुन्यावर मी हौसाक्काच्या नावाचं सील लावलं होतं, ती शामरावची होती. आणि शामराव फवारतो. यंदा तर कापणीला पंधरवडाही उरला नसताना अळीसाठी त्याने औषध मारलं होतं, हे त्यानेच पुढच्या वाक्यात अभिमानाने सांगितलं. फवारा आणि कापणी यांच्यात जितके दिवस जाऊ द्यायचे असतात त्याच्या निम्मेही त्याने जाऊ दिले नव्हते.

मी उठले. खरकट्या हाताने उठले, इतका राग आला होता. "आक्का, हे काय केलंत? तुम्ही मला फसवलंत. हा नमुना गेला असता तर तुमच्या नावावर औषध निघालं असतं. दोन वर्षं पाण्यात गेली असती. कळतंय का?"

"फसवलं न्हाय वो," हौसाक्का खाली बघून म्हणाली. तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "माझ्या दाण्याला डाग हाईत. लोंबीवरल्या किड्यानं, ढेकणीनं चोखल्यालं. औषध न्हाय मारलं तर व्हतंय तसं. तुम्ही येवढ्या लांबनं येणार, भाईरची चार माणसं बघणार. त्यांच्यापुढं डागाळल्यालं कसं मांडायचं? पोरगी बघायला पावणं येत्यात तवा आपुन शेजारनं कपबश्या आणतोय, खुर्च्या आणतोय. तसं केलं मी. भावजींचं भात दिसायला बरं हाय."

माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बोलणीला आईने शेजारच्या काकूंचा सोफा चार माणसं लावून आणवला होता. आणि नवरा अजून म्हणतो, तुमच्याकडचा तो सोफा कुठे गेला. मला एकदम हसू फुटलं. मी हसले तशा आठजणी हसल्या, आणि शेवटी हौसाक्काही पदर तोंडाला लावून हसली. फक्त शामरावला काय चाललंय ते कळेना.

"आक्का," मी म्हटलं, "आमच्या मशीनला डोळे नसतात. डाग त्याला दिसत नाहीत. त्याला फक्त औषध दिसतं. तुमचं डागाचं भात मला द्या."

दुसरी पिशवी

परत हातमोजे, परत टोपी. हौसाक्काचं खरं भात माजघरात पोत्यांत भरून ठेवलं होतं. दाणा बारका, कुठे काळा ठिपका, कुठे पोचट, पण हात घातल्याबरोबर वास आला. अण्णा खोटं बोलले नव्हते. पण उभ्या पिकातूनही नमुना घ्यायचा होता, आणि तिथे खरी पंचाईत होती. शामरावचं शेत वर, हिचं खाली. त्याच्या वाफ्यातलं पाणी तिच्या वाफ्यात उतरतं, आणि घाटावरचा वारा सुटला की त्याचा फवारा तिच्या कडेच्या ओळींवर येतो. मी तिला हे सांगितलं. बांधाजवळ काही सापडलं तर तिचा दोष नसताना तिचा कागद खराब होणार होता. मालक बांधावर उभे राहून ऐकत होते.

कुणीही म्हटलं असतं, मधलं घ्या, कडेचं सोडा. आमच्याकडे शिकलेसवरलेले बागायतदार हेच म्हणतात, आणि तेही कुजबुजत.

हौसाक्का बांधाच्या अगदी कडेला गेली, वाकली, आणि तिथल्या लोंब्यांची मूठ धरली. "हितलंबी घ्या. हितनंच घ्या पयल्यांदा. माझी लेक, नातू ह्येच खात्यात. हाय का न्हाय ते मलाबी कळाय पायजे की. हाय म्हणून निघालं तर निघू दे. मग पंप काढू दे मालकास्नी, पर खोटा कागद नगो."

मालकांनी मुंडासं काढून परत बांधलं. मी बांधाजवळच्या लोंब्या मोजून कापल्या आणि पोत्यांतल्या भाताबरोबर दुसऱ्या पिशवीत सील केल्या.

पहिल्या पिशवीचं काय करायचं म्हणून मी सील फोडायला निघाले तर शामराव म्हणाला, "वतू नगा. माझं नाव टाका तिच्यावर. बघा की माझ्यात काय हाय ते. हिच्या भातापेक्षा देखणं हाय, कशाला भ्यायचं?" अर्जात दोन नमुने बसत होते. मी जुनं सील फोडून त्याच्या नावाचं लावलं, त्याने झोकात सही केली.

निघताना हौसाक्काने जिरग्याची पिशवी माझ्या हातात कोंबली. नियमाने मला काही घेता येत नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग हितं ठिवून जावा, मी फाट्यापतूर आणून बसमधी ठेवतो." आणि तसंच केलं.

नाशिक

निकाल आला त्या दिवशी मी फोन लावण्याआधी दोन वेळा कागद वाचला. एरवी मी निकाल ईमेलवर टाकून मोकळी होते. कुणाला आवाजाने सांगायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

पलीकडून बराच कलकलाट ऐकू आला. हौसाक्काने ओरडून सगळ्यांना गप्प केलं. फोन तिने अंगणात मधोमध धरला असावा, कारण आठजणींचे श्वास मला ऐकू येत होते.

"आक्का, तुमच्या भातात काही सापडलं नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

"बांधाजवळचं?"

"ते धरूनच सांगतेय. काही नाही."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती रडत होती. मागून मालकांचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा. "पंप काढून खुंटी रिकामी करा गं. तिला पावसाचं इरलं अडकवू." आणि मग जो गलका झाला त्यात मला काही ऐकू आलं नाही. मीही इकडे टेबलाशी बसून डोळे पुसत होते आणि शेजारचा सहकारी माझ्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं.

मग फोन कुणीतरी घेतला. चालल्याचा आवाज, गलका लांब गेला. शामराव होता. आवाज खाली आणलेला. "म्याडम, जरा बाजूला आलोय. माझ्यात काय निघालं? लपवू नगा."

"निघालं, शामराव. एक औषध. मर्यादेच्या जरासं खाली आहे, पण आहे."

"खाली म्हंजी हाय नव्हं?"

"आहे."

"आनि वैनीच्यात न्हाय."

"नाही."

घरात त्याची दोन लहान मुलं आहेत, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "मग पुढच्या साली मीबी मारत न्हाय. पर वैनीस्नी येवढ्यात सांगू नगा. लई मिजास करतील. सवडीनं मीच सांगतो."

"नाही सांगत," मी म्हटलं.

आणि लांबून, पलीकडच्या डोंगरावर पोचेल अशा आवाजात हौसाक्का म्हणाली, "भावजी, त्यो फोन स्पीकरवर हाय."